पाव्हणी

"आत्याबाई, चूल कुटं गेली?"

बनूनं भगुलं कमरेवर धरून परड्यात चारी अंगाला नजर फिरवली. काल सांजेला चूल लिंबाच्या बुडाशी होती. परवा न्हाणीच्या भिंतीला लागून होती. आता लिंबाखाली नुसती राख, आणि चूल म्हणून मांडलेले तीन दगड गायब!

"त्या बांधाच्या आडाला बघ," सुलाबाई अंगणातनंच म्हणाली. "वारं फिरलंय. धूर समदा तुज्याच घरात आला आस्ता."

"चूल हाय का शेरडू हाय वो ही? रोज दावं सोडायचं आन् दुसरीकडं बांदायचं! घरात ग्यास आनून ठेवलाय तुमच्या ल्येकानं, तरी तुमचं आपलं धोंडं उचला, धोंडं ठेवा."

"तुजा ग्यास तुला लखलाभ. आंगुळीचं पानी तापवाय मला तीन धोंडं फुरं."

बनू काही वाईट सून नव्हती. सासूला ताट वाढल्याशिवाय ती घास घेत नसे. पण सासूचं करायचं काय, हे मात्र तिला कळत नव्हतं. सुलाबाई पहाटे उठायची आणि अंथरुणाची वळकटी करून ती दोरीनं करकचून बांधायची. जणू घटकाभरात कुणी घोडं आणून दारात उभं करणार आहे. मग उंबऱ्यावर बसायची, उठायची, सडकेपर्यंत जाऊन यायची, पुन्हा बसायची. फडताळातला मिठाचा डबा तिला कधी सापडत नसे. "रोज जागा बदलत्यात," असं ती कुरकुरायची, आणि डबा तर दोन वर्षं एकाच जागी होता. आता बोला!

तिचीही बाजू होती. धनगरांत वाडा म्हणजे दगडाविटांचा नव्हे. मेंढरांमागं फिरणाऱ्या पाच-सहा बिऱ्हाडांच्या जथ्याला वाडा म्हणतात. दिवाळी सरली, माणदेशातलं गवत वाळलं, की वाडा घाट उतरून कोकणात जातो आणि वळवाचं आभाळ दिसायच्या आत परत फिरतो. पुरुष मेंढरं घेऊन रानारानानं चारत येतात. बायका घोडी घेऊन वाटेनं पुढं निघतात. घोड्यावर अख्खा संसार असतो, भांडी, पीठ, घोंगडी, डालग्यात कोंबड्या, आणि सगळ्यांच्या वर पाय न टिकणारी दोन-चार कोकरं. पहिल्या घोड्याचा दोर जिच्या हातात, ती बाई मुक्काम ठरवते. ती थांबली की वाडा थांबला. दिवस मावळता पुरुष धुराच्या मागानं येतात. दिवसभर मेंढरांचे राजे असलेल्या त्या गड्यांना संध्याकाळी आपलं घर कुठं आहे, हे बायकोच्या चुलीला विचारावं लागतं.

सुलाबाईनं हा दोर उभा जन्म धरला होता. सासूनं तो तिच्या हातात दिला ते सदुसष्ट साल. त्याच वर्षी कोयनेचा भूकंप झाला. वाडा तेव्हा हेळवाकच्या अलीकडं, नदीच्या वरच्या माळावर होता. सासू म्हणत होती गावाच्या गढीच्या भिंतीला बिलगून उतरू, वारं लागणार नाही. सुलाबाईनं ऐकलं नव्हतं. म्हातारी रात्रभर कुडकुडत धुसफुसली. पहाटे जमीन हलली, गढीची भिंत भुईसपाट झाली, आणि माळावर फक्त भांडी लवंडली, कोंबड्या ओरडल्या, झोळीतला तान्हा तानाजी जागासुद्धा झाला नाही. पुढं काही वर्षांनी वाडा दुसऱ्या घाटानं जायला लागला आणि तो माळ मागं पडला, पण ही गोष्ट सुलाबाईनं किती जणांना सांगितली असेल त्याची गणती नाही. दर खेपेला ती शेवटी म्हणायची, "जागा माजी हुती बरं का."

आणि त्याच तानाजीनं घर बांधताना तिला विचारलं नाही!

तानाजी वायरमन झाला, विट्याच्या अलीकडं सडकेला लागून त्यानं तुकडा घेतला. बाप-लेकानं जागा बघितली, नकाशा निघाला, स्लॅब पडला, नारळ फुटला, आणि मग कोकणातनं परतलेल्या सुलाबाईला घर दाखवायला आणलं. तिनं पायताण काढून जमीन पायानं दाबली. "हितं?" ती म्हणाली. "हितं तर वल हाय. पावसाळ्यात पानी आत यील." सगळे हसले. पावसाळ्यात पाणी आत आलं, तेव्हा कुणी हसलं नाही. तानाजीनं मुकाट्यानं दारात एक पायरी वाढवली. सुलाबाईला पाण्याचं दुःख नव्हतंच. चाळीस वर्षं ज्या बाईनं रोज सांजेला घर कुठं ते ठरवलं, तिला शेवटच्या घराची जागा कुणी विचारली नाही, हा काटा तिच्या काळजात रुतून बसला होता. म्हणून तिची चूल फिरत होती. सगळं घर दुसऱ्यांनी ठरवलं, निदान तीन दगड तरी तिचे होते.

जोतीरामाचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, मात्र झकास चाललं होतं. मेंढरं विकली त्या दिवशी म्हातारा ढसाढसा रडला. दुसऱ्या दिवशी एस.टी. स्टँडवर चहा प्यायला गेला आणि तिथलाच झाला. त्याच्यासारखेच मेंढरं विकून बसलेले आणखी तिघं-चौघं तिथं जमायचे. पांढरे पटके, पांढऱ्या मिशा, पायात जाड वहाणा, आणि काम काडीचं नाही. त्यांनी आपल्या टोळक्याला नावसुद्धा ठेवलं होतं, 'रिटायर मंडळी'. एखाद्या नव्या कंडक्टरनं विचारलं, "आजोबा, काय करता?" की जोतीराम मिशीवर हात फिरवून म्हणायचा, "रिटायर हाय."

"कुठनं रिटायर?"

"मेंढरातनं. मास्तर रिटायर हुतो, फौजदार रिटायर हुतो, मग धनगरानं काय घोडं मारलंय?"

घरी येऊनही तो हेच ऐकवायचा. सुलाबाई एकदा उसळली.

"तुमी रिटायर झाला, ब्येस झालं. मग मी कोन?"

"तू? तू रिटायर मान्साची बायकू."

"वा रं वा! वाडा हाकायला मी, मुक्काम धुंडाळायला मी, आन् रिटायर हुयाला तुमी!"

जोतीराम हसत हसत टीव्हीपुढं जाऊन बसला. सुलाबाईनं त्या सांजेला चूल पुन्हा हलवली.

कार्तिकी पुनव झाली आणि कोंडीबा जेवायला आला. कोंडीबा म्हणजे जोतीरामाचा चुलतभाऊ. वाडा आता त्याच्याकडं होता, दोर त्याच्या बायकोकडं, हरणाबाईकडं होता, आणि निघायच्या आदल्या दिवशी थोरल्या घरी जेवायची रीत त्यानं सोडली नव्हती. जेवताना तो खाली मान घालून बोलला, "औंदा हरणाबाईचा गुडगा गेलाय. डाक्टर म्हनतोय चालायचं न्हाई. तिला ठिवून जातोय."

"मग म्होरल्या घोड्याला कोन?" सुलाबाईनं विचारलं.

"मनू. सून. दुसरं कोन हाय?"

मनूचं लग्न उन्हाळ्यात झालं होतं. माहेर जतकडं, कानडी मुलखाच्या कडेला. पोर वाड्यावरच वाढलेली, पण कोकणची वाट तिच्या पायाखालची नव्हती. सुलाबाईच्या हातातली आमटीची पळी कोंडीबाच्या ताटावर तशीच थांबली.

"मी येती," ती म्हणाली.

बनूनं स्वयंपाकघरातनं डोकं बाहेर काढलं. तानाजीचा घास हातात राहिला. जोतीरामाला ठसका लागला.

कोंडीबा तेवढा हसला. "चला की वैनी. लय वर्सांनी कोयनंच्या वाटंनं जायाचंय औंदा. पाव्हणी म्हनून चला."

हे नाव त्यांच्या वाड्यातलं. दोर सुनेच्या हातात दिला तरी ज्या म्हाताऱ्यांचे पाय घरात ठरत नसत, त्या वाड्याबरोबर चालत राहायच्या आणि स्वतःला हौसेनं पाव्हण्या म्हणवून घ्यायच्या. "आमास्नी आता काय, आमी पाव्हण्या!" असं म्हणून पहिली भाकरी हक्कानं मागायच्या. पाव्हणीनं ओझ्याला हात लावायचा नाही, रांधायचं नाही, आणि मुख्य म्हणजे मुक्कामाच्या जागेबद्दल ब्र काढायचा नाही. पाहुणा कधी यजमानाला घर कुठं बांध म्हणून सांगतो का? सुलाबाईची सासू अशीच पाव्हणी होऊन शेवटपर्यंत चालली होती.

"चालंल," सुलाबाई म्हणाली. "पाव्हणी तर पाव्हणी."

कोंडीबा गेल्यावर तानाजी तिच्यापुढं येऊन उभा राहिला. मोठा वायरमन गडी, पण आईपुढं त्याचा आवाज चढत नसे.

"आये, लोक काय म्हनतील? तान्यानं म्हातारीला घरातनं हाकलली म्हनतील."

"हाकलली न्हाईस बाबा. ठिवून घेतलीयास. लय दिस ठिवून घेतलीयास."

"काय कमी हाय तुला हितं?"

सुलाबाईला वाटलं, सांगावं. पण कमी काहीच नव्हतं. नळ होता, पंखा होता, नात मांडीवर खेळत होती. जे कमी होतं त्याला नाव नव्हतं.

"मला कोयनंपतूर जाऊ दे," ती म्हणाली. "तितं माजी जागा हाय, हेळवाकच्या अलीकडची. यकदा वाड्याला त्या माळावर न्हेती, माज्या हातानं चूल मांडती. मग तू ये यस्टीनं आन् घिऊन जा मला. त्येच्या फुडं तू म्हनशील तितं बसंन. चूलबी हालवनार न्हाई."

"शपत?"

"बिरोबाची."

धनगराची बाई बिरोबाची शपथ उगीच घेत नाही. चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी कोयनानगरच्या स्टँडवर त्यानं यायचं, असं ठरलं.

"म्हातारचळ, दुसरं काय!" जोतीराम पडल्या पडल्या म्हणाला.

"मग तुमी चला की संगं."

"मी रिटायर हाय."

पण सकाळी सुलाबाई निघाली तेव्हा त्यानं स्वतःचं जाड घोंगडं तिच्या खांद्यावर टाकलं. सडकेला वळेपर्यंत तिनं मागं वळून बघितलं नाही.

पहिले दोन दिवस सुलाबाई हवेत होती. पाय दुखत होते, टाचा उलत होत्या, पण ते दुखणंही ओळखीचं होतं. तिसऱ्या दिवसापासून मात्र तिला कळायला लागलं, की पाव्हणी होणं हे येरागबाळ्याचं काम नाही.

मनू बारीक चणीची, चटपटीत पोर. सुलाबाईला ती 'अव्वा' म्हणायची, तिच्या माहेरी आईला, म्हातारीला तसंच म्हणतात. पहिला चहा अव्वाला, पहिली भाकरी अव्वाला, अंथरूण सगळ्यांच्या मधोमध अव्वाचं. सुलाबाईनं पिठाच्या पोत्याला हात लावला की दुसऱ्या बिऱ्हाडाची कुणीतरी ओरडायची, "पाव्हणं, बसा गुमान!" आणि सगळ्या खिदळायच्या. सुलाबाईही हसायची, पण तिचे हात मांडीवर पडून नुसते वळवळायचे.

आणि जागा! मनू जागा निवडायची तेव्हा सुलाबाई दुसरीकडं तोंड करून बसायची. पोरगी मातीकडं बघत नव्हती, गवताकडं बघत नव्हती. ती माणसांना विचारायची. सायकलवाला, दूधवाला, पंपावरचा गडी, जो भेटेल त्याला, "दादा, हितं पानी कवा सुटतं? ऊस कुनाचा हाय?" सुलाबाईला ह्याची लाज वाटायची. जागा काय लोकांना विचारून ठरवायची असते? कराडच्या अलीकडं मनूनं उसाच्या फडाजवळ वाडा उतरवला. सुलाबाईच्या पाठीला सकाळी ओल लागली होती. वरच्या बाजूला चांगलं कोरडं पडीक रान होतं, ते तिनं मनातल्या मनात दहादा निवडलं होतं. आवळा गिळल्यासारखं तोंड करून ती गप्प बसली.

मग उजाडल्यावर त्या कोरड्या रानात पाटाचं पाणी सुटलं, आणि बघता बघता सगळं रान पाण्याखाली गेलं. मनूला ते काल पंपावरच्या गड्यानं सांगितलं होतं. ती घोड्याचं खोगीर आवळत होती, तिनं सुलाबाईकडं बघितलंसुद्धा नाही. सुलाबाईनं मात्र त्या पाण्याकडं बराच वेळ बघितलं. पूर्वी हितं पाट नव्हता, असं तिनं स्वतःला समजावलं. ह्या नव्या पाटांचं आपल्याला ठाऊक नाही, पण कोयनेचं आहे. कोयनेत कुठले पाट? तिथला डोंगर काही जागचा हलत नाही.

पाटण मागं पडलं तशी तिची तगमग वाढली. दरी अरुंद झाली, दोन्ही अंगांनी डोंगर जवळ आले, सकाळचं धुकं दहा वाजले तरी उठेना. रात्री तिला झोप येईना. एका सकाळी घोडी लादून झाल्यावर ती मनूपुढं जाऊन उभी राहिली. पाव्हणीनं असं करायचं नसतं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"पोरी, आज दोर मला दे."

बाकीच्या बायका बघायला लागल्या. एकीनं तोंडाला पदर लावला. मनूनं क्षणभर तिच्याकडं पाहिलं आणि दोर पुढं केला.

"घ्या की अव्वा. मला कुटं वाट ठावी हाय?"

तो सुताचा दोर हातात आला आणि सुलाबाईनं मनगटाला त्याचा एक वेढा दिला. म्हातारी दहा वर्षांनी लहान झाली. पाय उचलून चालायला लागली, घोड्याशी बोलायला लागली, मागच्या बायकांना हाळी द्यायला लागली. जिथं वाट फुटे तिथं चुकीच्या वाटेवर ती हिरवी डहाळी आडवी टाकायची, म्हणजे मागनं मेंढरं घेऊन येणाऱ्या पुरुषांना कळावं. दुपारी मनू म्हणाली, "अव्वा, हितं? पानी हाय, मेंढरं रानात बसवली तर शेतवाला धान देतो म्हनतुया." सुलाबाई म्हणाली, "न्हाई, म्होरं." ऊन कललं तेव्हा आणखी एक बरी जागा लागली. मनूनं नुसतं बोट दाखवलं. "म्होरं गं. तू बघ तरी मी कुटं न्हेती." मागच्या बायका कुरकुरायला लागल्या. एकीची कडेवरची पोर रडत होती. सुलाबाईच्या कानात काही शिरत नव्हतं. तिला तो माळ दिसत होता, मुरमाड, उताराचा, नदीच्या वर, पाठीशी डोंगर. आज रात्री तिथं तिची चूल पेटणार होती, आणि उद्या तानाजी आला की ती त्याला म्हणणार होती, बघ, जागा अशी बघायची आसती.

शेवटचा चढ ती दम खात चढली. फुटलेल्या वाटेवर तिनं डहाळी टाकली. वर आली, आणि दोर हातात धरून उभी राहिली.

माळावर घरं होती. पत्र्याची, विटांची, एका रांगेत, एकाच्या पाठीला एक. दारात तुळशी, पत्र्यावर टीव्हीचे एरियल, दोऱ्यांवर वाळत घातलेली पोरांची कपडी. नळावर एक बाई घागर भरत होती. घोड्यांची रांग बघून घरांतली कुत्री धावून आली.

"आजी, हिकडं नका आनू हं मेंढरं," नळावरची बाई म्हणाली. ती रागानं बोलत नव्हती. "पोरंसोरं हायीत, परसात भाजी हाय. लय वर्सं झाली घरं हुऊन. तुमी चुकला का वाट?"

"न्हाई," सुलाबाई म्हणाली. "ह्यो माळ... हितं आमी उतरायचो."

"आसंल. जागा हायच चांगली. पानी साचत न्हाई, बुडाला मुरूम हाय. म्हनून तर समद्यांनी हितंच घरं बांदली. भूकंपात म्हंत्यात ही जमीन हाललीबी न्हाई."

"हालली हुती," सुलाबाई म्हणाली.

बाईला ते कळलं नाही. तिनं घागर उचलली. "पानी हवं आसंल तर घ्या," म्हणाली आणि आत गेली. सुलाबाई त्या रांगेकडं बघत राहिली. जिथं तिनं चूल मांडली होती तिथं आता कुणाचं तरी मोरीचं पाणी वाहत होतं. तिची निवड एवढी बिनचूक होती, की दुसऱ्यांनी ती कायमची घेऊन टाकली! ह्या गोष्टीवर हसावं का रडावं हे तिला सुधरेना. मागं बायका थांबल्या होत्या, घोडी पाय आपटत होती, कडेवरची पोर आता भुकेनं किंचाळत होती, आणि कुणी तिला एक शब्द बोलत नव्हतं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आता गं?" तिनं मनूला विचारलं. आपण हे विचारलं, ह्याचंच तिला नवल वाटलं.

घरांच्या खालच्या अंगानं परत फिरेस्तोवर दरीतनं धुकं वर आलं. दिवस डोंगराआड गेला. सुलाबाईला एकही दुसरी जागा आठवेना. ह्या माळाशिवाय तिनं इथं कधी दुसरं काही बघितलंच नव्हतं. ओघळीच्या वरच्या बाजूला एक तिरपा, झुडपांचा तुकडा होता. मनू दोर न घेताच तिकडं चढून गेली, पायानं दोन झुडपं दाबून बघितली आणि खाली आली.

"अव्वा, त्या वरच्या अंगाला टाकू का? तिरकं हाय, पन पोरगी थंडीनं मरंल."

सुलाबाईनं तुकडा बघितला. दगड लय. पाणी लांब. वारं थेट अंगावर. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि तिन्ही तिच्या जिभेवर आल्या.

एवढ्यात खालच्या धुक्यातनं कोंडीबाचा आवाज आला. डहाळीच्या मागानं पुरुष मेंढरं घेऊन चढाला लागले होते. चूल पेटलेली नव्हती, आणि पेटली असती तरी धुक्यात धूर कुणाला दिसणार?

"वैनीऽऽ! कुटं हाय वोऽऽ?"

घोडी कान टवकारून उभी राहिली. बायका सुलाबाईच्या तोंडाकडं बघायला लागल्या. मनूही बघत होती. पोरीच्या कपाळावर घाम होता, एवढ्या थंडीत. सुलाबाईचं तोंड उघडलं. तिच्या छातीत श्वास भरून आला होता, तेवढा आवाज अजून तिच्यात होता, दरीच्या पलीकडं गेला असता.

तिनं मनूचा हात धरला आणि दोर त्यात ठेवला. बोटं एकेक करून वर मिटवली.

"बोल की गं. कवाधरनं इचारतुया त्यो."

"मला न्हाई, तुमास्नी इचारत्यात."

"वाट चुकतील लेकरा. बोल."

मनूनं दोन्ही हात तोंडाशी धरले. पहिला आवाज चिरकला, ओघळीच्या पलीकडंसुद्धा गेला नाही. मग तिनं पाय रोवले आणि पोटातनं ओरडली, "हितंऽऽ! मामाऽऽ, हितं हावऽऽ!"

खाली क्षणभर काही हाललं नाही. मग मेंढरांचा कालवा वळला आणि धुक्यातनं वर यायला लागला. बायका घोड्यांची ओझी सोडायला लागल्या. कुणीतरी काटक्या मोडत होतं. मनू इकडून तिकडं पळत, हे इथं ठेवा, ते तिथं ठेवा, असं सांगत होती, आणि तिच्या सांगण्याप्रमाणं सगळं होत होतं.

सुलाबाईनं जोतीरामाचं घोंगडं खांद्यावरनं काढून बाजूला ठेवलं, उकिडवी बसली, आणि कडेवरच्या त्या पोरीला निजवायच्या जागेवरचे खडे एकेक करून वेचायला लागली.